फाटक लावायचा निरोप

डब्लिनच्या मराठी मंडळींत नवी ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला: तुम्ही काय करता? माझा नवरा श्रीकांत ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, एवढं सांगितलं की समोरच्याचं समाधान व्हायचं. मग नजर माझ्याकडे वळायची. मी सांगायची, "मी मेलेल्या कंपन्यांचं दिवसपाणी करते." लोक हसायचे आणि लगेच स्वतःच्या टॅक्सबद्दल विचारायला लागायचे.

आता निवृत्त झाले आहे, तर नीट सांगते. कंपनी जन्माला घालणं सोपं असतं. चार कागदांवर सह्या केल्या की कायद्याच्या नजरेत एक माणूस तयार होतो. तो घर घेऊ शकतो, नोकर ठेवू शकतो, कोर्टात जाऊ शकतो. फक्त या माणसाला काळीज नसतं, त्यामुळे ते बंद पडून तो आपोआप मरत नाही. धंदा बुडाला, मालक गेले, इमारत पडली, तरी सरकारदरबारी तो जिवंत. त्याला रीतसर मारावं लागतं. त्याच्याकडे काही मालमत्ता उरलेली नाही, त्याच्याकडे कुणी नोकरीला नाही, हे लिहून द्यायचं, वर्तमानपत्रात सूचना द्यायची, करखात्याची हरकत नाही असं पत्र मिळवायचं. मग कुठे त्याचं नाव पुसलं जातं. पुण्यात कंपनी सेक्रेटरीची परीक्षा पास होऊन मी नवऱ्यामागे इथे आले आणि काही वर्षं घर सांभाळल्यावर डब्लिनमधल्या एका छोट्या फर्ममध्ये या कामाला लागले. तिथेच केस पांढरे झाले.

कामात मजाही असायची. एका बिस्किट कंपनीच्या नावावर शेवटची मालमत्ता म्हणून एक घोडा निघाला. पूर्वी तो गावोगाव बिस्किटांची गाडी ओढायचा. घोडा मेला आहे याची साक्ष द्यायला एक म्हातारे शेतकरी मिळाले. त्यांनी वकिलासमोर शपथेवर सांगितलं, की घोडा मेला, आणि स्वभावाने फार चांगला होता. दुसरं वाक्य कुणी विचारलं नव्हतं, पण मी ते काढू दिलं नाही.

मोटार कंपनीचं प्रकरण मात्र मजेचं नव्हतं. ते मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही.

कंपनीचं नाव सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धाआधी या कंपनीने देशोदेशी वेगवेगळ्या नावांनी उपकंपन्या काढल्या होत्या. कुठे स्थानिक भागीदार घेऊन, कुठे एखाद्या व्यापाऱ्याच्या भरवशावर. युद्ध संपल्यावर मुख्य कार्यालयाने हा पसारा आवरायला घेतला. भागीदारांचे शेअर परत घेतले, एकेका देशातल्या दोन-तीन कंपन्यांची एक केली आणि सगळ्या दोऱ्या एका हातात आणल्या. आयर्लंडमध्येही तसंच झालं. त्या काळी तयार मोटार बाहेरून आणली तर जबर जकात बसायची. म्हणून मोटारी सुट्या भागांत, लाकडी खोक्यांतून बंदरात उतरायच्या आणि इथे जोडल्या जायच्या. ॲथलोन शहराच्या अलीकडे एका गावात त्यांचा जोडणीचा कारखाना होता. पुढे जकातीचे नियम बदलले, खोकी यायची थांबली, कारखाना बंद झाला. कंपनी मात्र राहून गेली. गावातली जमीन, वर ती शेड, वीज आणि टेलिफोन, एवढा तिचा संसार. बिलं मुख्य कार्यालयाच्या ढिगात जात आणि कुणीतरी ती मंजूर करत असे. एवढ्या मोठ्या घरात कोपऱ्यात एक दिवा जळतोय हे कुणाच्या ध्यानात येणार?

मी निवृत्त होण्याच्या थोडं आधी मुख्य कार्यालयाला पुन्हा एकदा आवराआवर सुचली आणि आयर्लंडचं काम आमच्या फर्मकडे आलं. जमीन विकायची, कंपनी पुसायची. साधं काम. कागदांवर कारखान्याचा जुना फोन नंबर होता. तो बंद असणार हे गृहीत धरून मी दुपारी सहज फिरवला.

"वर्क्स," पलीकडून पुरुषाचा आवाज आला. वर्क्स म्हणजे कारखाना.

मी गडबडले. समोरच्या कागदावर शेवटच्या मॅनेजरचं नाव होतं, हॅनली. तेच घेतलं. "मिस्टर हॅनली आहेत का?"

"ते फ्लोअरवर आहेत. थांबता?"

रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं, दूर दूर जाणारी. एखाद्या फार मोठ्या खोलीत कुणी चालत जावं तशी. मग काहीच नाही. यंत्रांचा आवाज नाही, बोलणं नाही. बऱ्याच वेळाने तीच पावलं जवळ आली.

"ते म्हणतायत, खोकी उतरवून घेतोय, मोकळा झालो की फोन करतो."

माझे साहेब, फर्गल, शेजारच्या टेबलाशी होते. इथे साहेबालाही नावाने आणि एकेरीतच बोलावतात. मी सांगितलं तसा तो चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिला.

"मेधा, हॅनली वारलाय. मी शाळेत असताना. माझे वडील त्याच्या दफनाला गेले होते."

"मग हा कोण?"

"युवर मॅन तुझी फिरकी घेतोय." इकडे कुणाही तिऱ्हाइताला 'युवर मॅन' म्हणतात, आपला त्याच्याशी काही संबंध नसला तरी. "आत कुणीतरी घुसून बसलंय. जाऊन बघून ये. जागा रिकामी असल्याशिवाय घेणारा सही करणार नाही."

त्या उन्हाळ्यात सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. कराडजवळच्या. श्रीकांतची ड्यूटी, मुलगी गॉलवेला कॉलेजात, त्यांना एकटं कसं ठेवायचं म्हणून मी त्यांनाही गाडीत घेतलं. नेसूचं लुगडं, वर श्रीकांतचा स्वेटर, पायात बूट. वाटेत त्या हिरव्या कुरणांकडे बघत म्हणाल्या, "एवढं गवात हाय आन् मानूस दिसंना कुटं."

गावाबाहेर ती शेड होती. लांबच लांब, छपराला करवतीसारखे दाते आणि त्यांत काचा. कंपनीची पाटी गेलेली, भिंतीत तिची भोकं उरलेली. पण फाटकाला ताजा हिरवा रंग होता, आणि आत कुठे गवताचं पातं उगवलेलं नव्हतं.

आतून एक माणूस आला. सत्तरीच्या आसपासचा, तपकिरी कामाचा कोट, डोक्याला टोपी.

"मुख्य कार्यालयाकडून?" त्याने विचारलं.

"त्यांच्या वतीने आले आहे," मी म्हणाले. "तुम्ही?"

"टॉम कॅफ्री. फाटक माझ्याकडे असतं." मग सासूबाईंकडे बघून त्याने टोपी काढली आणि मान लववली. सासूबाईंनी हात जोडले.

आत एकही यंत्र नव्हतं. इकडून तिकडे नुसती फरशी, झाडून लख्ख केलेली, आणि तिच्यावर पिवळ्या रंगाचे पट्टे आखलेले. छपराच्या काचांतून ढगाळ उजेड सगळीकडे सारखाच पडला होता, त्यामुळे आमच्या सावल्याही नव्हत्या. टॉम पुढे निघाला. तो पट्ट्यांच्या मधूनच चालत होता. एका ठिकाणी थांबला, काहीतरी पुढून जाऊ दिल्यासारखा, मग पुढे गेला. पुढच्या वळणावर त्याने माझी बाही धरून मला अलगद मागे ओढलं.

"इथे सांभाळून. ट्रॉली येते."

वाऱ्याची झुळूक आली, काही हललं, असं मी आता लिहिलं तर ती मागाहून घातलेली भर ठरेल. काहीही झालं नाही. रिकामी फरशी होती आणि आम्ही तिला वाट देत उभे होतो. मला तिथून निघावंसं वाटू लागलं.

सासूबाई आमच्या पुढे गेल्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि टॉमकडे त्यांची पाठ होती. चालता चालता त्या एकदम डावीकडे सरकल्या, पदर आवरून घेतला, थांबल्या आणि मग पुन्हा चालू लागल्या. टॉम त्या जागेपाशी पोचला तेव्हा तोही तिथेच डावीकडे सरकला.

कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत त्याने चहा केला. "कप प्रेसमध्ये आहेत," तो म्हणाला. इकडे कपाटाला प्रेस म्हणतात. मी कप काढून दिले. तिघांचा चहा ओतून त्याने चौथा कप भरला आणि टेबलाच्या मोकळ्या बाजूला ठेवला.

"हॅनलीसाहेबांचा. रंगकामाच्या पेंटशॉपमधून येतील. आज त्यांचं डोकं दुखतंय."

मी त्या कपाकडे बघायचं टाळलं. विचारलं, "तुम्ही इथे कधीपासून आहात?"

"युद्धानंतरचं पहिलं खोकं मी उघडलं. या हातांनी." त्याने हात पुढे केले. त्या खोक्याच्या वेळी हा माणूस जन्मलेलाही नसणार हे त्या हातांकडे बघूनच कळत होतं. पण तो थापा मारत नव्हता. थापा मारणारी माणसं मी कामात पुष्कळ पाहिली आहेत. ती समोरच्याच्या चेहऱ्यावर परिणाम शोधतात. टॉम खिडकीतून फरशीकडे बघत होता, काम नीट चाललंय ना, असं.

मी म्हणाले, "टॉम, आता ही जागा विकायची आहे. फाटक लावावं लागेल."

"लावीन की. निरोप आला की लावीन." तो शांतपणे म्हणाला. "सगळ्या कंपन्या एक झाल्या तेव्हा वरून निरोप होता, इथलं काय करायचं ते कळवू, तोवर फाटक सांभाळ. अजून कळवलेलं नाही त्यांनी."

गाडीत बसल्यावर मी किल्ली फिरवली नाही.

"आई, तुम्ही मघाशी बाजूला का झालात?"

"कवा?"

"आत. चालताना."

"वाटंत मान्सं आली तर सरकाया नगं व्हय?"

"कसली माणसं?"

त्या काचेतून बाहेर बघत राहिल्या. "कामाची. घाईत हुती बिचारी." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "कुटं आल्याचा चा मिळंल का गं? त्याचा लई पानचट हुता."

त्यांना मोतीबिंदू होता, त्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. तेव्हा मी स्वतःला तेच सांगितलं.

गावात एकच कॅफे होता. मालकीण ब्रीज, पन्नाशीची, बोलघेवडी. आल्याचा चहा तिच्याकडे नव्हता, पण तिने आलं किसून गरम पाण्यात घालून आणलं आणि सासूबाईंना तेही चाललं. मी टॉमचा विषय काढला.

"टॉम ना? टॉम ग्रँड आहे," ती म्हणाली. इकडे ठीकठाकला ग्रँड म्हणतात.

"त्याचं वय काय असेल?"

ब्रीज टेबल पुसत होती. हात थांबला. मी कुठून आले, कशासाठी आले, हे तिने विचारून घेतलं आणि मग समोर बसली.

"टॉम कॅफ्री वारला. माझं लग्न व्हायच्या आधी. हा नोएल, त्याचा मुलगा."

तिने सांगितलं ते असं. टॉम फाटकावर होता. त्याने शब्द टाकून पोराला जोडणीच्या कामावर लावलं. पोराला ते नको होतं. बापलेकांचं भांडण झालं, सगळ्या कामगारांसमोर, आणि नोएल इंग्लंडला निघून गेला. तिथे त्याने बरीच वर्षं काढली. इकडे कारखाना बंद पडला तरी टॉम रोज फाटकावर जात राहिला, कारण त्याला कुणी आता पुरे म्हटलं नव्हतं. एका दुपारी तो तिथेच वारला. नोएलला कळवलं, पण समुद्र खवळलेला, बोटी बंद. तो पोचला तेव्हा कबरीवर माती पडून गेली होती.

"दफनभूमीतून तो थेट कारखान्यात गेला," ब्रीज म्हणाली. "बापाचा कोट खुंटीला होता, तो चढवला. आम्हाला वाटलं, दुःख आहे, चार दिवसांनी उतरेल. आम्ही नोएल म्हणून हाक मारायचो, तो वळायचा नाही. एकदा माझी आई चुकून टॉम म्हणाली, आणि तो वळला."

"आणि तुम्ही सगळ्यांनी ते चालवून घेतलं?"

"कुणाला त्रास आहे त्याचा? आणि शिवाय…" ती थांबली.

"शिवाय काय?"

"माझे वडील तिथे सीट बसवायचे. ते गेल्यावर आई अधूनमधून फाटकाशी जायची आणि टॉमला विचारायची, आज आमचा माणूस कसा आहे? तो आत जाऊन बघून यायचा आणि सांगायचा. आज खुशीत आहे, शीळ घालतोय. आज कुरकुर चाललीय, अंगठा चेचलाय. वडील शीळ घालायचे हे आईने त्याला कधी सांगितलं नव्हतं, आणि नोएल त्यांच्यासोबत काम करायला फार दिवस राहिलाही नाही. आई गेली. आता मी जाते. या गावातल्या अजून काही बायका जातात. आम्ही ते एकमेकींना बोलत नाही."

सासूबाई दोन्ही हातांत कप धरून आमच्याकडे आळीपाळीने बघत होत्या. शब्द कळत नसले तरी त्यांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, आणि हे त्यांच्या स्वभावात नव्हतं.

फर्गलने सगळं ऐकून घेतलं. तो दुष्ट माणूस नव्हता. "मला वाईट वाटतं," तो म्हणाला, "पण कायद्याने तो घुसखोर आहे. कुलपं बदलणारी माणसं बोलावतो. सकाळी जातील, त्याला बाहेर घेतील, संपलं."

"आणि मग तो कुठे जाईल?"

"घर आहे ना त्याला गावात?"

घर होतं. मला तो प्रश्न घराचा वाटत नव्हता. मी थोडे दिवस मागून घेतले आणि सासूबाई भारतात परतल्यावर एकटीच पुन्हा गेले. काचेच्या खोलीत समोरासमोर बसल्यावर मी हळूच म्हणाले, "नोएल."

त्याने मागे वळून दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. मग माझ्याकडे वळला.

"नोएल इंग्लंडला असतो," तो म्हणाला. "पत्र टाकत नाही. आमचं जरा वाजलं होतं. पण येईल तो. त्याला काही निरोप द्यायचाय का?"

मला त्याचा हात हातात घ्यावासा वाटला. घेतला नाही. नाही म्हणून मान हलवली. परतताना पूर्ण रस्ताभर मी एकच विचार करत होते. हा माणूस अवास्तव काही मागत नाही. त्याच्या बापाला ज्यांनी थांब म्हणून सांगितलं, त्यांनी आता पुरे म्हणावं, एवढंच. माझ्या धंद्यात प्रत्येकाला सूचना द्यावी लागते. करखात्याला, बँकेला, देणेकऱ्याला, वर्तमानपत्रातून अख्ख्या जगाला. ती याला एकट्यालाच कुणी दिली नव्हती.

मुख्य कार्यालयातल्या ज्या तरुण वकीलबाईंशी माझा पत्रव्यवहार चालू होता, त्यांना मी फोन केला. तुम्ही स्वतः कारखान्यात फोन करून टॉम कॅफ्रींना काम संपल्याचं सांगा, असं म्हटलं.

"हे कायद्याने आवश्यक आहे का?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. कायद्यात असलं काही नाही.

ब्रीजला मी आधी कळवलं. तिने फोनवर दिवस विचारून घेतला. मग म्हणाली, "किती वाजता?"

ठरलेल्या दिवशी दुपारी मी पोचले तेव्हा फाटकाबाहेर काही बायका उभ्या होत्या. बहुतेक म्हाताऱ्या, एक तर चाकाच्या खुर्चीत. बाजारात जाताना घालतात तसे बरे कोट घातलेले, केस विंचरलेले. ब्रीजने मला मानेने आत जा म्हणून खुणावलं.

फोन वाजला तेव्हा मी टॉमजवळ होते. "वर्क्स," तो म्हणाला. मग ऐकत राहिला. ऐकता ऐकता उभा राहिला आणि टोपी काढून काखेत धरली. वकीलबाई काय म्हणाल्या ते मला कळलं नाही. नंतर मी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की बोलायचं ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त बोलले, का ते माहीत नाही. टॉम शेवटी एवढंच म्हणाला, "हो साहेब. सगळ्यांना सांगतो." पलीकडे बाई होत्या तरी तो साहेब म्हणाला.

त्याने रिसीव्हर ठेवला आणि फरशीवर उतरला. मी काचेमागेच थांबले. तो पहिल्या पट्ट्यापाशी गेला, थोडा वाकला, कुणाच्या तरी कानाशी बोलावं तसं नाव घेऊन काहीतरी म्हणाला. मग पुढच्या जागी. दर जागी एक नाव. काही ठिकाणी तो क्षणभर जास्त रेंगाळला, एका ठिकाणी हसला, एका ठिकाणी खांद्यावर थोपटल्यासारखा हात हवेत वरखाली झाला. सगळ्यात दूरच्या टोकाला, जिथे पेंटशॉप होतं, तिथे तो दिसेनासा झाला आणि मी एकटी उरले. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की इथे आल्यापासून मी ज्याला शांतता समजत होते ती शांतता नव्हती. काहीतरी चालू होतं, फ्रिजची घरघर जशी सवयीने ऐकू येईनाशी होते तसं. ते आता थांबत होतं. एकेका जागी थांबत, माझ्या दिशेने येत होतं.

मी बाहेर पळाले. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

टॉम मागून आला. फाटक सताड उघडून त्याला पाठ टेकून उभा राहिला आणि एकेकाला निरोप द्यावा तशी मान हलवू लागला. बाहेरच्या बायका दोन्ही बाजूंना सरकल्या, मध्ये वाट ठेवून. कुणी रडलं नाही. चाकाच्या खुर्चीतल्या आजींनी एकदाच मान वर केली आणि गाल पुढे केला. एक बाई वळून गावाच्या रस्त्याला लागली, एका कडेने, शेजारी कुणाला तरी जागा ठेवून चालल्यासारखी. मग दुसरी. ब्रीज माझ्याजवळ उभी होती. तिने काहीतरी ऐकल्यासारखं डोकं कलतं केलं, डोळे मिटले आणि मग तीही निघाली.

मला काही दिसलं नाही. मला काही ऐकू आलं नाही. मी फक्त वाट सोडून उभी होते.

शेवटी टॉमने फाटक ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि किल्ल्या माझ्या हातात दिल्या. कोट काढून फाटकावर टाकला. आणि बराच वेळ हात खिशात घालून, कुलपाकडे बघत उभा राहिला. मग वळला. चेहरा तोच, पण त्यावरचं वय वेगळं होतं. बोलला तेव्हा त्याच्या बोलण्यात बरीच वर्षं इंग्लंडात राहिलेल्या माणसाची ढब होती.

"तुमचं वडिलांकडे काम होतं का?" त्याने मला विचारलं. "उशीर झाला हो. मलाही झाला."

कंपनी पुढे यथासांग पुसली गेली. तिच्याकडे कुणी नोकरीला नाही, असं लिहून दिलेल्या कागदावर सह्या झाल्या, आणि ते खरं होतं. जमिनीवर आता एका गोदामाचं काम चालू आहे. मी केलं ते बरोबर केलं का, हे मला आजही सांगता येत नाही. ब्रीजला मी एकदा तसं विचारलं. ती म्हणाली, "आई असती तर तुला फाटकाबाहेर हाकललं असतं." आणि मग कॉफीचे पैसे घेतले नाहीत.

गावाने मात्र एक गोष्ट केली. टॉम कॅफ्रीसाठी चर्चमध्ये पुन्हा प्रार्थना ठेवली. ज्यांनी त्याला फार पूर्वी मूठमाती दिली होती ती माणसं पुन्हा काळे कपडे घालून आली. मीही गेले. प्रार्थना संपल्यावर नोएल दाराशी उभा राहिला आणि इथल्या रीतीप्रमाणे सगळ्यांनी रांगेत येऊन त्याचा हात हातात घेतला. "तुझ्या दुःखात सहभागी आहोत, नोएल." कुणाच्या चेहऱ्यावर अवघडलेपण नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा त्याने हात सोडला नाही.

"तुम्ही शेवटी त्यांच्याजवळ होतात, असं ब्रीज म्हणाली," तो म्हणाला. "कसे होते?"

माझ्या मागे रांग थांबली होती.

"सगळ्यांना घरी पाठवलं," मी म्हणाले, "आणि मगच गेले."

"तसेच होते ते," नोएल म्हणाला, आणि मागच्या माणसासाठी हात पुढे केला.